गुलावट ते महेश्वर, काळी ट्यूब घरी ठेवून

निघायच्या आधी थोडं सांगते. माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे, रामबागेत राहते आणि आमच्या इंदूरच्याच चित्रकला कॉलेजात शिकलेली आहे, म्हणजे 1927 साली देवळालीकरांनी सुरू केलेलं, जिथून चित्रकार बेंद्रे बाहेर पडले तेच. लहानपणी ती मला स्केचबुक देऊन छत्रीबागेत नेऊन बसवायची. मग माझी नोकरी, मुलं, सगळं सुरू झालं आणि रंग कपाटात गेले ते पंधरा वर्षं गेलेच. ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मी रोज ड्रॉप टाकायला जायचे, तेव्हाच एक दिवस ती म्हणाली, डॉक्टरांनी उन्हात जायला परवानगी दिली की आपण दोघी लँडस्केप करायला जायचं, तू रजा टाक. टाकली. दसरा झालेला आणि दिवाळीला अजून वेळ, असे मधले पाच दिवस, गुरुवार ते सोमवार.

आदल्या रात्री तिने माझा रंगांचा डबा उघडून बघितला आणि काळ्याची ट्यूब काढून तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. म्हणाली, "आपल्या माळव्यात काळं काही नाही, तुला लागणार नाही." मी म्हटलं, अगं माती काळी, दगड काळा, आपण लहानपणापासून तेच तर म्हणतो. ती फक्त म्हणाली, बघ तू.

गुरुवार, गुलावट

पहाटे पाचला निघालो, हातोदच्या रस्त्याने, गाडी ओळखीच्या भैयाची. यशवंतसागरचं मागे पसरलेलं पाणी आहे ना, तिथेच गुलावटचा कमळांचा तलाव आहे, आणि बाजूला बांबूचं बन. रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते पण गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी, दोन नाववाले आणि पाणकोंबड्या, बस. नाववाले फुलं तोडून नावेत भरत होते, ती देवळांबाहेरच्या दुकानांत जातात.

बोर्डाला 300 जीएसएमचा कागद मास्किंग टेपने चिकटवला, फोल्डिंग स्टूल टाकलं, आणि मी लगेच ब्रश हातात घेतला. आत्या म्हणाली आधी फुलं घे, दहा-अकरापर्यंत मिटायला लागतील, पानं कुठे जात नाहीत. बरोबर होतं ते. घाईघाईत तीन फुलं केली, पाकळ्यांची टोकं गुलाबी आणि बुडाशी जवळजवळ पांढरी, तो पांढरा म्हणजे कागदच सोडायचा असतो, तेवढं माझ्या हाताला आठवत होतं.

मग पानं. आणि पानांमधलं पाणी, ते मला सरळ काळं दिसत होतं. ट्यूब नव्हती म्हणून निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना भरपूर घट्ट कालवून तिथे भरलं, तर चित्रात एकदम भोकं पडल्यासारखी दिसायला लागली, पाणी वाटेचना. आत्याने बघितलं आणि म्हणाली ब्रश धुऊन ठेव, आणि पानाच्या कडेला जिथे देठ पाण्यात शिरतो ती एकच जागा बघत बस, मी सांगेपर्यंत. मी बसले. पहिली पाचएक मिनिटं डोक्यात ऑफिसचंच चालू होतं, खरं सांगते. मग हळूहळू दिसायला लागलं की देठाच्या बाजूचं पाणी हिरवट तपकिरी आहे, उकळलेल्या चहासारखं, त्याच्यात खाली गाळ दिसतोय, आणि पानाची सावली जिथे पडते तिथे तोच रंग जांभळ्याकडे जातो. वारा आला की पान उलटायचं, खालची बाजू फिकी तांबूस, आणि पानावर साचलेला पाण्याचा थेंब गडगडत मध्ये जाऊन बसायचा, त्या थेंबात पूर्ण आभाळ. काळा कुठेच नव्हता. एक पाणमाशी त्याच देठावर चार वेळा येऊन बसली, तिला मी त्या दिवशी चित्रात घेतलं नाही पण अजून डोळ्यासमोर आहे.

आत्याचं चित्र बघून मात्र मी जरा गप्पच झाले. तिने पानं इतकी निळी केली होती, सेरुलियन जवळजवळ तसाच लावलेला, आणि सावल्या थेट जांभळ्या. आत्याचं काम असं नसायचं. तिची जुनी लँडस्केप्स आमच्या घरात आहेत, ती सगळी मातकट, ओकरमधली म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगातली, उबदार. वाटलं डोळा अजून बरोबर नाहीये का, पण विचारलं नाही.

परत येताना हातोदला पोहे-जलेबी. सेव जास्त टाकून घेतली.

शुक्रवार, पाताळपाणी

महूपर्यंत रस्ता चांगला, पुढे गावातून जावं लागतं. वाटेत सगळीकडे सोयाबीनची कापणी आटोपत आलेली, कुठे ढीग, कुठे थ्रेशर चालू, भुसा उडतोय. भैया म्हणाला, "दीदी, सोयाबीन तो कट गया, अब खेत में क्या बनाओगे?" आत्याने तिथेच गाडी थांबवायला लावली.

रिकामं शेत, नुकतंच नांगरलेलं. काळी माती. चला, म्हटलं, आता तरी. पण उकरलेल्या ढेकळांवर सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं आणि ऊन पडलेली बाजू चक्क करडी गुलाबी होती, न पडलेली बाजू निळसर, आणि जिथे ढेकूळ ताजं फुटलंय तिथे ओल्या चॉकलेटसारखी. शेजारच्या न नांगरलेल्या तुकड्यात भेगा पडायला लागल्या होत्या, ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. त्या भेगांच्या आत अंधार होता, माती काळी नव्हती. अंधार आणि काळा यात फरक आहे हे मी चाळीस वर्षं त्याच मातीवर चालून आता बघितलं. अर्ध्या तासात पोस्टकार्डाएवढे चार छोटे अभ्यास केले, त्यातला एक तर मला स्वतःला खूप आवडला, फक्त तीन रंग आणि एक मोठा ब्रश.

पाताळपाणीला पोचेपर्यंत अकरा वाजले. चोरल नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली उडी मारते. पावसाळ्यात तो धबधबा मातकट आणि भीतीदायक असतो, 2011 साली अचानक पाणी वाढून माणसं वाहून गेली होती, रेलिंगच्या पलीकडे जायची गरजच नाही, चित्रासाठी तर मुळीच नाही, उलट अलीकडून पूर्ण कडा दिसतो. ऑक्टोबरात धार बारीक होते आणि मागचा खडक उघडा पडतो, मला तोच हवा होता.

हा खडक बघायला शिकायला पाहिजे यार. हा सगळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक थर येऊन थंड झालेला. महाराष्ट्रातले सह्याद्रीचे कडे आणि हा आमच्याकडचा कडा, दोन्ही एकाच कुटुंबातले. थर स्पष्ट दिसतात, पायऱ्या असल्यासारखे, आणि जिथे पाणी वर्षानुवर्षं झिरपलंय तिथे दगडातलं लोखंड गंजून केशरी तपकिरी ओघळ आलेत. त्याच्यावर शेवाळ, आणि ऑक्टोबरात ते शेवाळ वाळायला लागलेलं असतं म्हणून पोपटी नाही, मोहरीच्या रंगाचं.

मी मोठा वॉश, म्हणजे पातळ पाणीदार रंगाचा थर, टाकला, अल्ट्रामरीन जास्त आणि सिएना कमी, वरून खाली, धबधब्याची जागा कोरडी सोडून. अल्ट्रामरीनची एक गंमत आहे, त्याचे कण खरबरीत कागदाच्या खड्ड्यांत जाऊन बसतात, त्यामुळे वाळल्यावर वॉश गुळगुळीत न दिसता रवाळ दिसतो. वॉश अर्धवट ओला असतानाच परतीच्या पावसाची एक सर आली. पाच मिनिटांचीच, पण छत्री उघडेपर्यंत कागदावर टपाटप थेंब पडले. रडूच आलं मला, इतका चांगला वॉश जमला होता. आत्याने कागद आडवा धरला, हलवू नको म्हणाली, वाळू दे. वाळला तेव्हा प्रत्येक थेंबाच्या जागी रंग बाजूला सरकून फिकट गोल झाला होता, कडेला गडद रेघ. आणि समोर कड्याकडे बघितलं तर तिथेही तेच, दगडात बारीक बारीक पोकळ्या, लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या. माझ्या हाताने मी तो दगड इतका खरा कधीच काढू शकले नसते. नंतर फक्त रिगरने, म्हणजे लांब बारीक ब्रशने, दोनतीन झाडं आणि कड्याची धार एवढंच केलं आणि थांबले.

संध्याकाळी घरी आल्यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं आत्या, तू कडा निळा केलायस, तो तपकिरी होता. ती म्हणाली तो निळाच आहे. मी कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत होती, मग काही न बोलता ब्रश धुवायला गेली.

शनिवार, जाम गेट

महूहून मंडलेश्वरच्या रस्त्याला, विंध्याच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेला हा दरवाजा. इथे माळवा संपतो आणि खाली निमाड सुरू होतो. शनिवार असल्यामुळे बाइकवाले भरपूर, स्पीकर चालू, वारा इतका की ईझल उभा राहीना, बोर्ड मांडीवर घेऊन एक चित्र केलं. एवढंच सांगते की जवळची टेकडी पिवळसर हिरवी, तिच्यामागची करडी हिरवी, त्याच्यामागची नुसती निळी, आणि शेवटी नर्मदेचं खोरं म्हणजे आभाळापेक्षा एक छटा गडद, बाकी काही नाही. मध्ये जितकी हवा जास्त तितका निळा जास्त. आत्या म्हणाली, बघ, इथे तरी तुला माझा निळा पटतोय ना.

घाट उतरताना कान बंद झाले. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि महेश्वर दीडशेच्या आसपास, तासाभरात चारशे मीटर खाली, गाडीची काच उघडली तर हवाच वेगळी, गरम, दमट, कापसाच्या शेतांचा वास. दुपारी महेश्वरला पोचलो, घाटाजवळ खोली घेतली आणि आत्या झोपली. मी एकटीच घाटावर जाऊन बसले, रंग न नेता.

रविवार, महेश्वर

पावणेसहाला घाटावर. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, घाट उत्तर काठावर, त्यामुळे सूर्य नदीच्याच रेषेत वर येतो आणि नदीच्याच रेषेत मावळतो, सकाळी ऊन पाण्यावरून सरपटत येतं आणि किल्ल्याच्या भिंतीला बाजूने लागतं, प्रत्येक कोरीव कामाची सावली लांब पडते. चित्रकार डी. जे. जोशी इथलेच, महेश्वरचे, त्यांनी ही नदी इतक्यांदा रंगवली ती का हे इथे पहाटे बसल्यावर आपोआप कळतं.

मी घाटाच्या पायऱ्या घ्यायच्या ठरवल्या. पेन्सिलीने आधी मोजून काढल्या, पाण्याच्या वर सात पायऱ्या, सातवीवर एक बाई तांब्याचा गडवा घासत होती. पहिला वॉश टाकला, वाळेपर्यंत चहा आणला, परत बसले तर पाच. मला वाटलं मी चुकीचं मोजलं. खोडून परत काढल्या. अर्ध्या तासाने चार. नाववाला हसून म्हणाला, "ऊपर ओंकारेश्वर से पानी छोड़ा है, अभी और चढ़ेगा, शाम को उतर जाएगा." म्हणजे माझी नदी बसल्या बसल्या वर येत होती आणि मला पत्ताच नव्हता, मी कागदाकडे बघत होते. मग मी ठरवलं की पायऱ्या पाण्यात जाऊ द्यायच्या. बुडालेल्या पायऱ्यांवरून एक पातळ हिरवट वॉश फिरवला, खालच्या पायऱ्या त्यातून दिसत राहिल्या, पुढच्या अर्ध्या तासाने अजून एक वॉश. चित्रात आता नदीचे दोन तास आहेत, एकावर एक.

मधल्या वेळात वर वाड्यात जाऊन आलो. तिथे अहिल्याबाईंच्या वेळेपासूनची लिंगार्चनाची पूजा अजून रोज सकाळी होते, गुरुजी मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं लाकडी पाटावर हाताने करतात, ओळीच्या ओळी, प्रत्येकावर तांदळाचा एक दाणा, आणि पूजा झाली की सगळी नर्मदेत सोडतात. आत्या खांबाला टेकून उभी राहिली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाली, त्या ओल्या मातीचा रंग कोणता ते सांग. मी म्हटलं, राखाडी, थोडी जांभळट. तिने उजवा डोळा तळहाताने झाकला, बघितलं. मग डावा झाकला, परत बघितलं. असं तीनचार वेळा केलं. पुजारी आमच्याकडे बघायला लागले.

खाली घाटावर आल्यावर तिने सांगितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती माती निळी करडी दिसते, आणि डाव्या, मोतीबिंदूवाल्या डोळ्याने तीच माती तपकिरी, चहात बुडवल्यासारखी. दगडाचंही तेच, पाण्याचंही तेच. ऑगस्टपासून तिला हे कळत होतं पण कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा अडवायला लागतं, इतकं हळूहळू की आपल्याला समजतच नाही, आणि ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवीन स्वच्छ भिंग बसवतात तेव्हा अडलेला सगळा निळा एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार मोनेचंही असंच झालं होतं, 1923 साली त्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला निळा फार दिसायला लागला, हे तिने कॉलेजात ऐकलं होतं, तेव्हा गोष्ट म्हणून ऐकलं होतं.

"म्हणजे माझी गेल्या दहा-बारा वर्षांतली लँडस्केप्स," ती म्हणाली, "ती सगळी याच डोळ्याची." आणि डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. आमच्या हॉलमधलं ते ओकरमधलं देवगुराडियाचं चित्र, मला जे जगातलं सगळ्यात उबदार चित्र वाटतं, ते. मला काय बोलावं सुचेना. मी तिचा हात धरून बसले, पाणी आता तिसऱ्या पायरीला होतं, आणि दोघी बराच वेळ काही न काढता नुसत्या बघत होतो. एवढ्या दिवसांत तेवढ्या वेळात मी सगळ्यात जास्त बघितलं असेन, दगडावर ओल कुठपर्यंत चढते, मग तिथला रंग कसा दोन छटांनी खाली जातो, वाळताना आधी कडा फिकट होतात आणि मध्ये ओला डाग राहतो, आपापल्या जागी उभ्या असलेल्या बगळ्यांची प्रतिबिंबं लाट गेल्यावर परत जुळतात. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठलो.

दुपारी विणकरांकडे. किल्ल्याच्या दगडावरची कोरीव नक्षी महेश्वरी साडीच्या काठात उतरलेली आहे, चटई, वीट, हिरा अशी त्यांची नावं, आत्याने एक विटेच्या काठाची घेतली, रंग कोणता घ्यायचा यावर पाऊण तास गेला आणि शेवटी निर्णय दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन उजव्या डोळ्याने केला.

सोमवार, परत महेश्वर

दुपारी निघायचं होतं, सकाळ हातात होती. पाणी रात्रीत उतरलं होतं, सात पायऱ्या परत वर, खालच्या तीन ओल्या आणि चकचकीत. मी स्टूल टाकलं तर आत्याने स्वतःचा कागद बांधलाच नाही, स्टूल माझ्या शेजारी ओढून घेतलं.

म्हणाली, दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तारीख मिळाली आहे. मग हा घाट असा परत दिसणार नाही. "तू काढ, मी सांगते."

तिने उजवा डोळा झाकला. मी पॅलेटवर दगडाचा रंग कालवला, मला दिसत होता तसा, आणि कागदाच्या कडेला एक चौकोन लावून तिला दाखवला. नाही, फार गार आहे. सिएना टाकला. अजून. थोडा ओकर. आता फार लाल झाला, पाणी घाल. मी पाणी घातलं. तिने कागदाकडे बघितलं, घाटाकडे बघितलं, परत कागदाकडे. कडेला चौकोन वाढत गेले, नऊ, दहा, अकरा, प्रत्येकाच्या खाली मी पेन्सिलीने प्रमाण लिहीत होते, तिचा हात झाकलेल्या डोळ्यावर दुखायला लागला तेव्हा मी रुमाल बांधून दिला. बाजूला कपडे धुणारी मावशी थांबून विचारायला लागली, "आँख में क्या हुआ माताजी?" आत्या म्हणाली, "कुछ नहीं बेटा, देख रही हूँ."

पाणी परत चढायला लागलं होतं. ओल्या पायरीवर एक गडद पट्टी होती, पाणी आणि कोरड्या दगडाच्या मधली, चार दिवसांपूर्वी मी जिला डोळे झाकून काळी म्हटलं असतं ती. मी सिएना आणि अल्ट्रामरीन समसमान घेतले, ब्रशच्या टोकाला किंचित लाल अलिझरिन, आणि बारावा चौकोन लावला.

"थोडा ओकर," आत्या म्हणाली. मी लावला. "अजून एक थेंब."

लावला.

"हां. हाच. आता पटकन घे, पाणी येतंय."